तर्रीचं पथ्यपाणी

पोट बिघडलं तर काय करायचं, हे आमच्या घरात कोणी डॉक्टरला विचारत नाही. आधी एक वेळ लंघन. मग मऊ भात, त्यावर वरणाचं पाणी. दुपारी ताक, त्यात भाजलेलं जिरं. ओवा तर आईच्या उशाशीच असतो. सावजीचा रस्सा पिऊन आडवा झालेला माणूस या क्रमाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सावजीकडे जायच्या लायकीचा होतो. ही विद्या आमच्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलेली. ती मोडीत काढली एका सशाने.

ससा लेकीने वाढदिवसाला मागितलेला. अंगावर विटकरी तांबूस लव, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं तर्री. ज्याला उभ्या जन्मात तिखटाचा थेंब चालणार नाही त्याला नागपूरच्या पोह्यांवरच्या लाल रश्श्याचं नाव! पण बारसं झालं होतं. विकणाऱ्याने पिल्लू ‘पूर्ण दोन महिन्यांचं’ म्हणून दिलं. घरी आल्या आल्या त्याला पातळ झालं.

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे या शहरात जनावरांच्या डॉक्टरांना तोटा नाही. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या बाईंनी तर्रीला तळहातावर घेऊन उलटसुलट बघितलं.

“दोन महिने कसले? याला फार लवकर आईपासून तोडलंय. निदान आठ आठवडे तरी आईजवळ हवा होता. पोटात जे जंतू नीट वस्तीला यायला पाहिजेत, ते आलेच नाहीत अजून.”

मग त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. लहान आतडं संपतं तिथे सशाला एक मोठी पिशवी असते, जठराच्या जवळजवळ दहापट. गवत तिथे आंबतं, जंतू त्याचं पोषण करून देतात. त्या पिशवीत साखर किंवा पीठ पोचलं की भलतेच जंतू माजतात, पोट फुगतं. वर सशाला उलटी करता येत नाही. आत गेलं ते पुढेच जाणार.

“मग हलकं काय द्यायचं?” आईने विचारलं.

“वाळलेलं गवत.”

बाईंना ऐकू आलं नाही असं आईला वाटलं. “हलकं म्हणते मी. मऊ. दहीभात वगैरे.”

“भात नको, दही तर नकोच. वाळलेलं गवत. जितकं चरबरीत तितकं त्याला हलकं.”

“बरं. मग आज लंघन करू द्या.”

इथे डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजी, लंघन अजिबात नाही. दहा-बारा तास ससा काही खाल्ल्याशिवाय राहिला तर त्याचं आतडंच थांबतं. तसं झालं तर रात्री दोन वाजता असलं तरी मला फोन करा.”

परतताना शंकरनगर चौकापर्यंत आई ऑटोत काही बोलली नाही. मग म्हणाली, “शिकलेल्या दिसत नाहीत.”

आता गवत. नागपूरच्या चारी बाजूंना शेती, तरी सशाचं गवत आलं ऑनलाइन. टिमोथी नावाचं, परदेशी, भाव विचारून बासमतीनेही मान खाली घालावी असा. आमच्या घरात आजवर माणसांनी कधी परदेशी काही खाल्लं नव्हतं. आईने खोक्यातली एक काडी उचलली, उन्हात धरली. “हे तर आपल्या धुऱ्यावर उगवते. लोक उपटून फेकतात.”

बायकोने तर्रीपुरती आईची बाजू घेतली, असे प्रसंग आमच्याकडे विरळा. दोघींनी मिळून मला देशी चाऱ्याच्या मोहिमेवर पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त लागतं, तेव्हा सहा महिन्यांपर्यंत लसूणघास वाळवून द्यायला हरकत नाही. लसूणघास गोठ्यावर मिळतो. मी लेकीला घेऊन तेलंगखेडीकडच्या एका गोठ्यावर गेलो.

“किती जनावरं हायत जी?” गवळीबुवांनी विचारलं.

“एकच.”

“म्हैस का गाय?”

“ससा.”

त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. “दूध देते का थो?”

“नाही.”

“मंग काय देते?”

“लेंड्या,” लेक म्हणाली.

बुवांनी बराच विचार केला. “किती घास लागते त्याले?”

“पाव किलो द्या. आठवडाभर पुरेल.”

“अरे बाप्पा! पाव किलोत तं आमच्या म्हशीचं तोंड बी ओलं होत नाही. घेऊन जा, पैसे राहू द्या.” आणि गोठ्यातल्या पोराला हाक मारून त्यांनी आम्हाला लांबून दाखवलं.

दुसरा शोध माझा स्वतःचा, त्याचा मला अजून अभिमान आहे. दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी सशाला चालते. टेकडी गणपतीच्या पायथ्याशी ती बारा महिने मिळते. फुलवालीने एकवीस जुड्यांचा हार ओवायला घेतला.

“हार नको. सगळी टोपली द्या.”

“लयच मोठा नवस दिसते भाऊ.”

“पोट साफ व्हावं म्हणून,” मी म्हणालो. हे खरंच होतं. बाईने माझ्याकडे कळवळून बघितलं आणि वर एक जास्वंदाचं फूल फुकट घातलं.

ओला पाला एकदम दिला तर पोटात गॅस धरतो, म्हणून दूर्वा आधी वाळवायच्या. नवतपा सुरू होता. नवतप्यातल्या गच्चीवर काहीही वाळतं, माणूससुद्धा. एका चादरीवर कुरडया, एकीवर पापड, तिसरीवर दूर्वा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला डोक्याला दुपट्टा बांधलेला मी. समोरच्या गच्चीवरून रोज कोणीतरी विचारायचं की हे कसलं व्रत.

तर्रीला स्वतःला हे ऊन सोसत नाही, सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो आणि पारा तिशीच्या वर गेला की ते कानही पुरे पडत नाहीत. नागपुरात मे महिन्यात तीस अंश पहाटे असतात, तेही नशीब असेल तर. उकाड्यात तो खाणं सोडतो, आणि खाणं सोडलं की आतड्याचं ते प्रकरण. म्हणून कूलरसमोरची वडिलोपार्जित जागा तर्रीला गेली. बाबांनी ती मला ठेवली होती.

एवढं करूनही मुख्य काम राहिलंच. सशाला खाऊ घालणं त्यामानाने सोपं. माणसांना त्याला खाऊ न घालू देणं, हे खरं काम. पाहुण्याला पोहे खाल्ल्याशिवाय उठू न देणारं हे शहर. इथे पिंजऱ्यात बसलेला मऊसूत जीव बघून हात खिशाकडे, डब्याकडे, पर्सकडे जाणारच. शेजारची पोरं गाजर घेऊन येतात. ससा म्हणजे गाजर, हे चित्राच्या पुस्तकांनी एकदा ठरवून टाकलंय. गाजरात साखर असते. तर्रीला गाजराचा पाला चालतो, गाजर नाही. गोकुळपेठेतल्या भाजीवाल्याला मी जेव्हा म्हटलं की गाजरं ठेवा, पाला द्या, तेव्हा त्याने मला बसायला स्टूल दिलं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, चालतो, पण आधी दोन काड्या, मग एक दिवस थांबून लेंड्या बघायच्या, मग चार काड्या. पत्ताकोबी नाही, बटाटा नाही, कांदा-लसूण नाही, बिस्किट नाही. आत्या म्हणाली, “नागपुरात राहून संत्राबर्फी नाही? मग जगतो कशाला?”

आणि मग आली चतुर्थी.

आईने तर्रीला नियमाबाहेरचं काही द्यायचं नाही, असं देवासमोर कबूल केलं होतं. पण उपासाचं खाणं हलकं असतं, आणि हलकं द्या असं डॉक्टरांचंच मत होतं, असा तिने अर्थ लावला. राजगिऱ्याच्या लाडवाचा एक तुकडा आत गेला. तर्रीने तो दोन्ही डोळे मिटून खाल्ला म्हणे. रात्री त्याने गवताला तोंड लावलं नाही, सकाळी पिंजऱ्याची दशा बघवेना.

अशा वेळी आमच्या मजल्यावर सल्ल्यांची पंगत बसते. औषधांच्या दुकानात आयुष्य घालवलेले एक काका गोळ्यांची पट्टी घेऊनच आले. “अमॉक्सिसिलिन. पाव गोळी पाण्यात.” नशिबाने बायको फोनवर डॉक्टरांशीच बोलत होती. तिकडून एवढ्या मोठ्याने “नाही!” आलं की काकांनीही ऐकलं. तोंडावाटे दिलेल्या त्या औषधाने सशाच्या पोटातले कामाचे जंतूच मरतात, आणि मागोमाग ससाही. काका पट्टी खिशात घालून म्हणाले, “माणसाला देतो आम्ही.”

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला रव्याचा तराजू तर्रीच्या वजनाला गेला. लेंड्यांचे फोटो डॉक्टरांना जाऊ लागले. मुगाएवढ्या असल्या तर काळजी, हरभऱ्याएवढ्या असल्या तर सगळ्यांना चहा. माझ्या फोनला आपोआप ‘आठवणी’ तयार करायची सवय आहे. त्याने एकदा मंद बासरी लावून माझं अख्खं वर्ष दाखवलं. लेकीचा वाढदिवस, अंबाझरी, लेंड्या, लग्नाचा वाढदिवस, लेंड्या, लेंड्या, फुटाळा.

एका पहाटे पूजेला उठलेल्या आईने जे बघितलं ते सांगताना तिचा आवाज चिरकला. तर्री वाकला, स्वतःच्याच मागे तोंड नेलं आणि काहीतरी घेऊन चघळत बसला. “बह्याड झाला का रे हा?”

डॉक्टर खूश झाल्या. कोरड्या लेंड्या वेगळ्या, आणि हे मऊ, घोसासारखं वेगळं. त्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. ससा ते थेट तोंडाने उचलून परत खातो. खात नसेल तर उलट काळजी करायची.

आईने पिंजरा देवघरापासून लांब सरकवून घेतला. पण संध्याकाळी ती लेकीला समजावत होती, “आपल्यात अन्न टाकत नाहीत ना, हा त्याच्याही पुढचा निघाला.” तेव्हापासून तर्रीविषयी तिचं मत पालटलं. आता पाहुण्यांच्या हातातलं बिस्किट तीच अडवते. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात, हे ती ज्या सुरात सांगते त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं, हे घराण्यातलंच ज्ञान आहे. डॉक्टर बाईही शिकलेल्या निघाल्या आहेत.

सहा महिने उलटल्यावर लसूणघास बंद झाला. मोठ्या सशाला तेवढं कॅल्शियम नको. तर्री आता दूर्वांवर आणि त्या महागड्या टिमोथीवर आहे. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, आणि आम्हाला वर्ध्याला एका लग्नाला जाणं भाग पडलं. शेजारच्या काकूंना पिंजरा, तराजू आणि सूचनांचा कागद देऊन आम्ही निघालो.

पंगत बसली होती. वाजंत्री कानाशी. नेमका काकूंचा फोन आला.

“काकू, मोठ्याने बोला! ... किती झाल्या? ... आकार काय? हरभऱ्याएवढ्या? ... गोल आहेत का नीट? ... कोरड्या की चिकट? ... एकमेकींना चिकटून नाहीत ना? ... एक हातात घेऊन दाबून बघा. ... भुगा झाला? वा! मग उत्तम!”

फोन ठेवून बघतो तर वाढपी बादली घेऊन समोर उभा. “बुंदी घ्या जी. ताजी हाय.”

माझ्या डावीकडच्या पाहुण्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. आईने दोनदा मागून घेतली.