खुलासा : जुन्या हार्ले-डेव्हिडसनच्या फ्रेमवर नंबर नसणे

‘फ्रेमवर नंबर नसलेली जुनी हार्ले-डेव्हिडसन ही चोरीची किंवा बनावट समजावी’, असा इशारा जुन्या अमेरिकन मोटारसायकलींच्या खरेदीदारांमध्ये सध्या फिरत आहे. १९७० पूर्वीच्या गाड्यांबाबत तो चुकीचा आहे. १९६९ च्या मॉडेलपर्यंत कंपनी गाडीचा ओळख क्रमांक फक्त इंजिनावर, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, दोन अर्धभागांच्या धातूच्या कवचाच्या) डाव्या भागावरील उंचवट्यावर ठोकत असे, आणि अमेरिकेत मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, तोच नोंदला जाई. फ्रेमवर असा क्रमांक १९७० च्या मॉडेलपासून आला. त्यामुळे १९४८ च्या पॅनहेडच्या (त्या नावाचे इंजिन असलेल्या हार्लेच्या) फ्रेमवर ‘इंजिनाशी जुळणारा’ नंबर दिसला, तर तो नंतर कोणीतरी ठोकलेला आहे हे उघड आहे, आणि विक्रेता त्याचेच जादा पैसे मागत असेल तर सावध व्हावे.

खरी तपासणी इंजिनाचीच करावी. उंचवट्याचा पृष्ठभाग घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा अक्षरे वेडीवाकडी असतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी व्यवहार थांबवावा. क्रँककेसच्या दोन अर्धभागांच्या तळाशीही क्रमांक असतात. ते परस्परांशी जुळले, तर दोन्ही भाग कारखान्यातील मूळ जोडीचे असल्याचे मानता येते. मात्र ते ओळख क्रमांकाशी जुळत नाहीत आणि जुळण्याची अपेक्षाही नाही. यावरूनही अनेक चांगल्या गाड्या विनाकारण नाकारल्या जातात. नंतरच्या काळात बनवलेले क्रँककेस बसवलेली गाडी चालवायला उत्तम असू शकते, पण तिला मूळ इंजिनाच्या गाडीची किंमत देऊ नये.