समक्ष पाहणी

काल सकाळी माझ्या चित्रातल्या आकाशावर एका वृद्ध सद्गृहस्थांनी निळ्या बॉलपेनने सही केली, तिच्याखाली तारीख घातली आणि तारखेखाली ‘समक्ष’ असे लिहून त्या शब्दाला ठसठशीत दोन रेघा मारल्या. चित्र पुण्याच्या मंडईचे होते आणि आकाश मी मुद्दाम मोकळे सोडले होते.

रोज एक रेखाचित्र काढायचे, असा नेम मी गेले काही महिने धरला आहे. जागा, वेळ आणि विषय या तिन्ही गोष्टी ठरलेल्या आहेत, कारण विषय शोधण्यात सकाळ संपते आणि पेन्सिल कागदाला टेकतच नाही, हा अशा नेमातला पहिला धोका असतो. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ सालची आहे आणि तिचा मधला मनोरा अष्टकोनी आहे. समोरून त्याच्या तीन बाजू दिसतात. मधली रुंद दिसते आणि कडेच्या दोन तिरक्या होत अरुंद होतात. तिन्ही सारख्या काढल्या, तर मनोऱ्याचा पत्र्याचा डबा होतो. तो होऊ नये म्हणून हात ताठ करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचे टोक मनोऱ्याच्या शेंड्याशी जुळवायचे आणि अंगठ्याचे नख छपराच्या रेषेपर्यंत खाली सरकवत आणायचे. परीक्षेच्या पॅडला कागद लावून, रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसून, गंभीर चेहऱ्याने हे सारे करणारा मनुष्य चित्रकार दिसत नाही; तो महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचा दिसतो.

समोरच्या कोथिंबीरवाल्या मावशींना तो तसा दिसला. त्यांनी पोते मागे ओढले, लिंबांची टोपली मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “साहेब, आत घेतलंय बरं का सगळं.”

“मावशी, मी चित्र काढतोय.”

“काढा की. माझं नाव तेवढं नका घालू त्याच्यात.”

हा संवाद ऐकून ते सद्गृहस्थ माझ्याकडे वळले. हातात कापडी पिशवी, पिशवीत दुधी भोपळा आणि खिशाला दोन पेने, असा त्यांचा सरंजाम होता. “आलात एकदाचे!” ते म्हणाले. “तीन अर्ज दिलेत मी.”

“आजोबा, मी महापालिकेचा नाही. मी नुसतं चित्र काढतोय.”

“चित्र जोडलेलंच बरं. नुसता मजकूर वाचतो कोण?” असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून कागद तपासला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “हा मनोरा कशाला एवढा घेतलात? मनोऱ्याबद्दल माझी तक्रारच नाही. झाकण कुठंय?”

झाकण म्हणजे रस्त्यातल्या चेंबरचे झाकण. ते माझ्या स्टुलापासून चार पावलांवर होते, अर्धे तुटलेले होते आणि कोणीतरी त्यात झाडाची फांदी उभी करून ठेवली होती. मी ते चित्रातून वगळले होते. आजोबांना हे वगळणे प्रशासकीय वाटले.

“इथं काढा,” त्यांनी कागदावर बोट टेकले. मनोऱ्याच्या सावलीत त्या बोटाचा ठसा अजून आहे. “आणि तुटलेलं काढा. अख्खं काढलंत तर म्हणतील, दुरुस्त झालं.”

“आजोबा, माझं चित्र मनोऱ्याचं आहे हो.”

“मला चित्रकला शिकवू नका. इंटरमिजिएटला बी ग्रेड आहे माझी.”

या ग्रेडपुढे माझे काही चालले नाही. मी झाकण काढले. गोल वस्तू तिरकी पाहिली की तिचे लंबवर्तुळ होते आणि फुटलेल्या कडेला जाडी दाखवावी लागते. आजोबांनी दोन्ही गोष्टी तपासल्या, फांदीला पाने कमी आहेत म्हणून ती वाढवून घेतली आणि मग साक्षीदार या नात्याने सही केली. वाईट याचे वाटते की, त्या कागदावर मनोऱ्याच्या तिन्ही बाजू प्रथमच आपापल्या जागी आल्या होत्या.

पहाटे खर्ज लावणाऱ्या गवयाला मैफल कधी आहे, असे कोणी विचारत नाही आणि तालमीत जोर मारणाऱ्या पैलवानाच्या हातात कोणी दळणाचा डबा देत नाही. रोज कागद रेखाटणारा मनुष्य मात्र एकतर सरकारी कामावर असतो, नाहीतर रिकामा असतो. घरी मी पेन्सिलीला टोक करू लागलो की, “बसलाच आहात तर गॅसवाला येईल, बघा,” असे सांगितले जाते. नातेवाईक प्रदर्शनाची तारीख विचारतात आणि ती नाही म्हटल्यावर विषय बदलतात. याचे बीज शाळेतच पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रकलेचा तास गणिताच्या बाईंनी मागून घ्यायचा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसायचे आणि ते गुण पदरात पडले की, रंगपेटी धाकट्या भावंडाला देऊन टाकायची, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. ज्या शहरात कडेला बसून अर्धा तास समोर पाहत राहणे संशयास्पद ठरते, त्या शहराने भिंतींवर कंत्राटदाराकडून मोर रंगवून घ्यावेत, हे ओघानेच आले.

जपानच्या होकुसाई या चित्रकाराने १८४२-४३ मध्ये, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, अरिष्ट टळावे म्हणून रोज सकाळी एक सिंह काढण्याचा नेम केला होता, आणि त्यांतले दोनशेहून अधिक सिंह आज जतन केलेले आहेत. या नेमाचे मर्म लोक चिकाटीत शोधतात. मला त्याची व्यवस्था अधिक भावते: सिंह घरात बसून काढता येतो, त्याच्या पायाशी चेंबर नसतो आणि त्याच्या आयाळीवर कोणी पोच देत नाही. माझा मनोरा घरी येणार नाही आणि पाठ झालेला मनोरा काढण्यात हात घोटला जात नाही, नुसता फिरतो; तेव्हा मला मंडईत जाणे भाग आहे.

आज मी स्टूल मंडईच्या दुसऱ्या अंगाला टाकले. आजोबा तिथे आले. पिशवीत आज पडवळ होते.

“जावक क्रमांक काय पडला?”

वाद घालण्याइतका वेळ नव्हता, कारण ऊन सरकत होते. प्रत्येक कागदाच्या मागे मी क्रमांक घालतो, तो मी त्यांना दाखवला. त्यांनी तो खिशातल्या डायरीत उतरवून घेतला, माझ्याकडून पडताळून घेतला आणि आठ दिवसांत स्मरणपत्र देण्याची तंबी दिली. जाता जाता ते पुन्हा वळले.

“आणि पुढच्या वेळी झाकण रंगीत दाखवा. मनोरा काळा-पांढरा चालेल.”