चूक कुणाची, ते नंतर बघू

पुण्यात दोन गाड्या एकमेकींना घासल्या की पहिला प्रश्न ‘लागलं का?’ हा नसतो. ‘दिसत नाही का?’ हा असतो. त्यावर ‘इंडिकेटर द्यायला काय पैसे पडतात?’ येतं, मागे हॉर्न सुरू होतात, आणि कडेच्या टपरीवरून चहाचा ग्लास हातात घेऊन एक काका निवाडा करायला येतात. निवाडा ठरलेलाच असतो. स्कूटर आणि कार असेल तर कारची चूक, कार आणि ट्रक असेल तर ट्रकची.

मी विम्याच्या दाव्यांसाठी गाड्यांची पाहणी करतो. सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघणं हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळे मत जरा ठाम आहे: धडकेनंतर चूक कुणाची यावर त्या जागी बोलूच नये. आपली असली तरी नाही, नसली तरी नाही. ते पोलीस, विमा कंपनी आणि वेळ आली तर कोर्ट ठरवतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ काढून वाचा. ज्याची चूक त्याने थांबावं, असं त्यात कुठेही नाही. अपघातात कुणी जखमी झालं किंवा कुणाचं नुकसान झालं, की चालकाला तीन कामं लागतात. जखमीला डॉक्टरपर्यंत पोहोचवायचं. पोलिसांनी विचारलं तर माहिती द्यायची, पोलीस तिथे नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात जाऊन कळवायचं. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. हे नाही केलं तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही चूक समोरच्याची असली तरी.

‘थांबलो तर लोक मारतील हो’, हे मला दर महिन्याला कुणीतरी सांगतं. भीती खोटी नाही. आणि गंमत म्हणजे कायद्यालाही ती माहीत आहे. त्याच कलमात लिहिलंय की जमाव खवळल्यामुळे जखमीला मदत करणं शक्यच नसेल तर ती जबाबदारी तुमच्यावर येत नाही. आपल्याकडची गर्दी कशी असते हे संसदेला ठाऊक होतं म्हणायचं! पण ही सूट मदतीपुरती आहे. पोलिसांना कळवण्यातून सुटका नाही, आणि मदत का केली नाही हेही तिथे सांगावं लागतं. जमाव अंगावर आला म्हणून निघालात तर गाडी चालवतानाच शेजारच्याला ११२ लावायला सांगा आणि सरळ ठाणं गाठा. घरी जाऊन, जेवून, मेहुण्याच्या ओळखीच्या वकिलाला विचारून दुसऱ्या दिवशी गेलात तर त्याला पळून जाणंच म्हणतात.

पळण्यामागे दुसरी भीती असते, ‘गुन्हा दाखल झाला म्हणजे आत टाकतात’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात निष्काळजीपणे गाडी चालवण्याचं कलम २८१ आहे आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर १०६(१), ज्यात शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे. दोन्ही जामीनपात्र. गंभीर अपघातात गाडी ठाण्यात लागेल, आरटीओचे निरीक्षक ब्रेक वगैरे तपासतील, पंचनामा होईल. त्रास आहे, चकरा आहेत, पण जग बुडत नाही. दारूची गोष्ट वेगळी. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलात तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विसरा, आणि बाकीचं वकिलाला विचारा, मला नको.

जखमी माणसाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण दोन्ही आपल्याकडे हमखास चुकतात. त्याला पाणी पाजू नका. गर्दीतून कुणीतरी बाटली पुढे करतोच, ‘दोन घोट घ्या, बरं वाटेल’. आतून मार असेल, ऑपरेशन लागणार असेल, तर तेच पाणी नडतं. आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला मार असू शकतो. १०८ ला फोन करा. डॉक्टरला ‘अपघात’ असंच सांगा, म्हणजे एमएलसीची, मेडिको-लीगल केस म्हणून, नोंद होते. पुढे भरपाईच्या दाव्यात तो कागद सोन्यासारखा असतो. ‘जिन्यावरून पडला’ असं सांगून झंझट टाळणारे नंतर तो कागद शोधत फिरतात. अपघातग्रस्तांसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजनाही आहे, यादीतल्या हॉस्पिटलमध्ये ७ दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत.

आता माझ्या आवडीचा विषय, फोटो. लोक मला डेंटचे वीस फोटो पाठवतात. डेंट मी प्रत्यक्ष बघणारच आहे हो! मला हवा असतो लांबून काढलेला फोटो, ज्यात दोन्ही गाड्या, नंबर प्लेट, डिव्हायडर आणि रस्त्यावरचे पट्टे एकत्र दिसतील. आणि रस्त्याचा फोटो काढा. धडक बसली की मडगार्डच्या आतली वाळलेली माती तिथल्या तिथे खाली पडते. गाड्या पुढे घसरतात, फिरतात, माती पडल्या जागीच राहते. कोण कुणाच्या लेनमध्ये होतं याचं उत्तर बऱ्याचदा त्या ढिगात असतं, आणि पाच मिनिटांत मागच्या पीएमपीएमएल बसच्या चाकाखाली ते पुसलं जातं.

कुणाला लागलेलं नसेल तर फोटो काढून गाड्या कडेला घ्या. रस्ता अडवून पंचायत भरवायची नाही. बायपासवर तर अजिबात नाही. कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर मागून काय वेगाने काय येईल सांगता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका वाहनामुळे किती गाड्यांचा चुराडा झाला ते आठवा. हजार्ड दिवे लावा आणि माणसांनी रेलिंगच्या पलीकडे जा. दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून फोनवर ‘अगं काही नाही, थोडंसं लागलंय’ म्हणणारे मी बघितलेत.

आणि मांडवली. ‘दोन हजार द्या साहेब, मिटवून टाकू.’ एकाने कर्वे रोडवर असेच दिले, दोघांनी हात मिळवले. स्कूटरवाला पोरगा म्हणाला काही झालं नाही. त्या वेळी त्याला खरंच काही वाटत नसेल. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला, लिगामेंट निघालं. घरचे ठाण्यात गेले आणि कारवाल्याकडे दाखवायला ना नोंद, ना फोटो, ना त्याचा नंबर. वर पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. थर्ड पार्टीचा विमा आपण सक्तीने भरतो तो याचसाठी. मग भर रस्त्यात पाकीट कशाला काढायचं? नुसता आरसा तुटला असेल तर द्या बापडे. माणूस पडला असेल तर नाही.

त्यापेक्षा एकमेकांचे नंबर, लायसन आणि विम्याचे फोटो घ्या. समोरचा दाखवत नसेल तर एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं.

शेवटी गाडीचं. मी बघायच्या आधी गॅरेजवाल्याला बंपर खोलू देऊ नका. आणि खाली ऑइल सांडलेलं दिसत असेल तर ‘धायरीपर्यंत तर जाईल’ म्हणून स्टार्टर मारू नका. डिव्हायडरवर चढून ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटला तर त्याचे पैसे कंपनी देते. तशीच चालवत नेली आणि इंजिन सीझ, म्हणजे जाम, झालं तर इंजिनाचे देत नाही, तेही अटींमध्ये लिहिलेलं असतं. टोइंग बोलवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये त्याची सोय असते, पॉलिसीच्या कार्डाच्या मागे नंबर असतो.