२५ एप्रिलनंतरची दोन वर्षं

निवडणुका जवळ आल्या की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन वाक्यं हमखास येतात. एक मोठ्या दादाचं: ‘दहा वर्षं एखाद्या कडक माणसाच्या हातात देश द्या, मग बघा.’ दुसरं त्याला वैतागलेल्या धाकट्याचं: ‘इथे एकदा क्रांतीच व्हायला हवी.’ मी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये राहतो. या देशाने दोन्ही करून पाहिलंय, आणि कडक माणसाला तर दहा नव्हे, छत्तीस वर्षं दिली होती.

अंतोनियो सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ मध्ये तो अर्थमंत्री झाला, तोही प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला शब्द अखेरचा राहील या अटीवर. वर्षभरात त्याने अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करून दाखवली. १९३२ मध्ये पंतप्रधान झाला तो १९६८ पर्यंत. राहणी साधी, लग्न नाही, स्वतःसाठी पैसा केला नाही. दादाला हवा तसा माणूस अगदी. त्याने देशाच्या तिजोरीत सोन्याचा भक्कम साठा करून ठेवला, आणि १९७० ची जनगणना झाली तेव्हा या युरोपीय देशात चारातल्या एका माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. विवाहित बाईला परदेशी जायला नवऱ्याची परवानगी लागायची, ती अट १९६९ मध्ये गेली. विरोधकांसाठी ‘पिदे’ नावाचं गुप्त पोलिसदल होतं आणि केप व्हर्डे बेटांवर तराफालची छावणी होती. लाखो लोक फ्रान्समध्ये मजुरीला गेले. त्यातले कितीतरी कागदपत्रांशिवाय, डोंगर तुडवत.

आपल्या माणसांनाही या कारभाराची झळ लागली आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरलं, तेव्हा लिस्बनहून हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढायचा. गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी तो मानला नाही, शरणागती पत्करली आणि हजारोंचे प्राण वाचवले. बक्षीस म्हणून त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. गोवा मुक्त झाला तरी त्या मुक्तीसाठी लढलेले सांगलीकडचे मोहन रानडे इथल्या काशियाशच्या तुरुंगातच होते. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी केलेल्या खटपटींना यश येऊन ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवामुक्तीनंतर सात वर्षांनी. ‘कडक माणूस’ म्हटलं की मला हे आठवतं. तिजोरीतलं सोनं नंतर.

तरीही २००७ मध्ये इथल्या सरकारी दूरचित्रवाणीने ‘सर्वांत थोर पोर्तुगीज कोण’ असा कौल घेतला तेव्हा पहिला आला सालाझारच, ४१ टक्के मतं घेऊन. अशा कौलात हौशी आणि हट्टी लोकच जास्त मतं देतात हे धरलं, तरी आकडा लहान नाही. आठवण फक्त आपल्याकडेच निवडक असते असं नाही.

आता धाकट्याची क्रांती. २५ एप्रिल १९७४ ची पहाट, रणगाडे लिस्बनमध्ये, बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं. फोटो जगभर गेले. पण ही क्रांती जनतेच्या मोर्च्यांतून उठली नव्हती. ती लष्करातल्या कॅप्टन आणि मेजर मंडळींनी केली. अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाउमध्ये तेरा वर्षं चाललेल्या वसाहतींच्या युद्धाला ते विटले होते. ठिणगी तर आणखी घरगुती होती. १९७३ मध्ये सरकारने हुकूम काढून सक्तीच्या भरतीतल्या अधिकाऱ्यांना बढतीची जवळची वाट करून दिली, आणि लष्करी अकादमीतून आलेले कायम अधिकारी खवळले. म्हणजे सेवाज्येष्ठतेचा वाद! ज्याने आपल्याकडे सरकारी नोकरी केली आहे त्याला हे लगेच पटेल.

त्या दिवशी सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो याने कार्मोच्या बराकीत सत्ता सोडली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चौघे मेले. मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बंदूक हातात असलेल्या या लोकांनी वर्षभरात निवडणूक घेऊ असा शब्द दिला आणि पाळला. २५ एप्रिल १९७५ ला संविधान सभेसाठी मतदान झालं, तेही ९१ टक्क्यांहून जास्त. बरोबर दोन महिन्यांनी, २५ जूनच्या रात्री, दिल्लीत आणीबाणीच्या कागदावर सही झाली. जयप्रकाशांनी पाटण्याला ‘संपूर्ण क्रांती’ची हाक दिली होती ती ५ जून १९७४ ला, कार्नेशनच्या फुलांनंतर सहाच आठवड्यांनी. निवडून आलेल्या सरकारने निवडणूक पुढे ढकलावी आणि बंड करून आलेल्यांनी ती वेळेवर घ्यावी, असा तो काळ होता.

क्रांतीपासून १९७६ च्या संविधानापर्यंतची दोन वर्षं सुरळीत गेली असं कुणी म्हणणार नाही. सहा हंगामी सरकारं आली आणि गेली. मार्च १९७५ मध्ये बंडाचा एक प्रयत्न फसला आणि बँका सरकारजमा झाल्या. दक्षिणेकडच्या आलेंतेजू भागात मजुरांनी मोठ्या जमीनदारांची शेतं ताब्यात घेतली. २५ नोव्हेंबरला डाव्या सैनिकांचा उठाव मोडला गेला, आणि लोकशाहीचा खरा दिवस एप्रिलचा की नोव्हेंबरचा यावर इथे अजून भांडणं होतात. बँका पुढे पुन्हा खाजगी झाल्या. जमिनीही बऱ्याच जुन्या मालकांकडे परतल्या. गर्जना ज्यांची झाली ते फारसं टिकलं नाही.

टिकल्या त्या कंटाळवाण्या गोष्टी. किमान वेतन मे १९७४ मध्येच आलं. संविधान २ एप्रिल १९७६ चं. त्याच डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा झाला. अर्भकमृत्यूचं प्रमाण १९७० मध्ये हजारी ५५ च्या आसपास होतं, १९९० पर्यंत ते ११ वर आलं. ही घसरण क्रांतीआधीच सुरू झाली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गावोगावचे दवाखाने आणि त्यांचा दरसालचा खर्च यांना कायद्याचा आधार मिळाला तो नंतर.

म्हणून आमच्या गटावर ‘कोण मोठा’ हा वाद सुरू झाला की मी वि. स. पागे यांचं नाव टाकतो. उत्तर येत नाही. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या माणसाच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. १९७२ च्या दुष्काळात तिने माणसं जगवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैशासाठी व्यवसाय कर बसवला, जो आजही दादाच्या पगारातून कापला जातो आणि ज्यावर तो दर वर्षी कुरकुरतो. पुढे केंद्राने २००५ मध्ये हाच विचार देशासाठी घेतला. पागेंच्या नावाने कुणी टोळ्या करून भांडत नाही, आणि त्यांच्या योजनेत मस्टरवर खोटी नावं का चढली, मजुरी वेळेवर का मिळाली नाही, यावरही भांडत नाही. मला खटकतं ते हे दुसरं.

इथेही वारं बदललंय. २०१९ मध्ये निघालेला ‘शेगा’ हा उजवा पक्ष मे २०२५ च्या निवडणुकीत २३० पैकी ६० जागा घेऊन संसदेत दुसरा आला. स्थलांतरितांविरुद्धचा राग हे त्याचं मुख्य भांडवल. डिसेंबर २०२४ मध्ये लिस्बनच्या बेन्फोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी दक्षिण आशियाई माणसांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं. त्या रांगेतल्यांचा आणि माझा रंग एकच. २०२५ च्या उन्हाळ्यात परदेशी नागरिकांच्या कायद्यात बदल आले आणि कुटुंबाला इकडे आणण्यावर कडक अटी घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये संविधान न्यायालयाने त्यातली काही कलमं घटनाबाह्य ठरवली. आधार होता कुटुंबाच्या हक्काचा, १९७६ च्या त्या संविधानातला. विधेयक संसदेकडे परत गेलं, काही अटी सैल झाल्या आणि सुधारित कायदा मंजूरही झाला. तो पूर्वीच्यापेक्षा कडकच आहे, आणि ज्यांची बायकामुलं अजून तिकडे आहेत असे माझे सहकारी सध्या त्यातले अपवाद एकेक करून वाचताहेत.