मंगळवारी दुपारी चारला काटोलात गारा?

हिवाळ्यात आभाळ भरून आलं की नागपूरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. हवामान खात्याचा रेड अलर्ट आहे, भूमध्य समुद्रातून निघालेलं चक्रीवादळ विदर्भावर येतंय, दहा दिवसांनी मंगळवारी दुपारी चार वाजता काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात लिंबाएवढ्या गारा पडणार. मृगाची संत्री मिळेल त्या भावात देऊन टाका, हरभरा उपटून घ्या. लांबलचक आवृत्तीत पारा 4 अंशांवर येईल, फटाके फोडा म्हणजे ढग फुटतील आणि नुकसान झालंच तर पंचनाम्यात विम्याचं आपोआप होईल, हेही असतं. यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो आणि पुढे जातो.

चक्रीवादळापासून सुरुवात करू. भूमध्य समुद्राकडून काहीतरी येतं हे खरं, पण ते चक्रीवादळ नव्हे. त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. वरच्या हवेतल्या पश्चिमी वाऱ्यांत उठलेली ही लाट इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानवरून येते आणि बहुतेक वेळा काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून निघून जाते. ती बरीच दक्षिणेकडे झुकली आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भात शिरले, तर आपल्याकडे विजा, पाऊस आणि कधी गारा. दोन्ही जुळावं लागतं. नाहीतर दोन दिवस नुसतं ढगाळ राहतं आणि चहा जास्त खपतो.

आता दहा दिवस आधी सांगितलेलं गाव आणि वेळ. मेसेज इथेच उघडा पडतो. गार तयार होते ती उंच वाढलेल्या गडगडाटी ढगात. तिथे हवा जोराने वर चढते, शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब बर्फाच्या कणावर आदळून गोठतात, थरावर थर चढतो आणि वर चढणाऱ्या हवेला ते वजन पेलवेनासं झालं की गार खाली येते. असा एकेक ढग काही किलोमीटर रुंदीचा, आयुष्य साधारण तासाभराचं. म्हणून गारपीट पट्ट्यात होते; नाल्याच्या अलीकडचा बगीचा झोडपला जातो आणि पलीकडच्या झाडाचं पानही हलत नाही. जो ढग अजून जन्मालाच आलेला नाही, तो दहा दिवसांनी कोणत्या गावावर उभा राहील हे पुण्याला, दिल्लीला किंवा अमेरिकेलाही सांगता येत नाही. चार-पाच दिवस आधी इतकंच कळतं की जिल्ह्यात गारपिटीला पोषक हवा होईल. नेमकेपणा येतो शेवटच्या काही तासांत. नागपुरात ढगांतला पाऊस आणि वारा टिपणारं डॉप्लर रडार आहे, त्यावर ढग दिसला की पुढच्या तीन तासांसाठी इशारा निघतो. म्हणजे बातमी जितकी आधीची आणि जितकी नेमकी, तितकी ती खोटी असण्याची शक्यता जास्त.

रेड अलर्ट खरा आहे का, ते पाहायला दोन मिनिटं लागतात. प्रादेशिक हवामान केंद्र, नागपूर यांच्या संकेतस्थळावर जिल्हावार रंग असतात: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आणि हो, हाच मेसेज पाठवणारे एरवी ‘खात्याचं कधी खरं होत नाही’ म्हणतात. त्याचंही उत्तर आहे. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलं असेल तर जिल्ह्यातल्या सगळ्या नव्हे, फार तर पंचवीस टक्के ठिकाणांबद्दल ते बोलणं असतं. तुमच्याकडे ऊन पडलं म्हणून अंदाज फसला असं होत नाही.

सगळ्यात महागात पडणारा भाग म्हणजे ‘देऊन टाका’. संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला फुलोरा, जून-जुलैत फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. म्हणजे मेसेज फिरतो तेव्हा माल झाडावर असतो आणि बगीच्याचा सौदा व्हायचा असतो. भाव पाडायला याहून सोयीचं कारण कोणतं? त्यात संत्रं आंब्या-केळ्यासारखं घरी पिकत नाही. झाडावरून उतरलं की गोडी तिथेच थांबते. रंग-रस आलेला माल असेल आणि खात्याचा खरा इशारा असेल, तर तोडणी दोन दिवस अलीकडे घेण्यात शहाणपण आहे. कच्चा तोडण्यात नाही. हरभऱ्याचं तसंच: घाटे, म्हणजे शेंगा, भरायच्या आत उपटला तर दाणा सुरकुततो, आणि उपटून वावरात पसरलेला हरभरा उभ्या पिकापेक्षा पावसात लवकर खराब होतो. कापणी झालीच असेल तर ढीग करून ताडपत्री टाका.

गंमत म्हणजे गारांच्या नादात मेसेज एक खरं संकट विसरतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे संत्र्याच्या हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडून ताण देतात. त्या काळात गार एकही न पडता नुसता पाऊस झाला तरी ताण तुटतो, फुलांऐवजी नवी पालवी फुटते आणि पुढच्या हंगामाचं गणित बिघडतं. याबद्दल कुणी ओरडून फॉरवर्ड करत नाही.

पारा 4 अंशांवर येण्याचं म्हणाल तर ढगाळ रात्री उलट उबदार असतात. थंडी येते ती विक्षोभ पुढे सरकून आभाळ मोकळं झाल्यावर, उत्तरेचे वारे सुटले की. नागपूरचा 3.5 अंशांचा नीचांक 29 डिसेंबर 2018 चा, थंडीच्या लाटेतला.

फटाक्यांनी ढग फुटत नाहीत. गारांवर चालवायच्या तोफांनासुद्धा शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक हवामान संघटनेचं मत आहे. ढगाच्या पोटात वीज कडाडते, तरी तिथेच गारा तयार होतात. आपल्या लडीचं काय घेऊन बसलात?

राहिला विमा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक करतात तो पंचनामा सरकारी मदतीसाठी, तिथे किमान 33 टक्के नुकसानीची अट असते. पीक विमा वेगळा. हरभऱ्यासारख्या पिकाचा प्रधानमंत्री पीक विमा काढला असेल तर महाराष्ट्रात 2025 पर्यंत गारपिटीची सूचना 72 तासांच्या आत स्वतः द्यावी लागायची, क्रॉप इन्शुरन्स अॅपवर किंवा 14447 या क्रमांकावर. संत्र्याचा फळपीक विमा हवामानावर आधारित असतो आणि त्यात गारपिटीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलंय का, हे पावती काढून आजच पाहा.