घर स्वतःचं, वर्ड भाड्याचं

घोडबंदर रोडला वीस वर्षांचं कर्ज काढून टू बीएचके घेतलात, अभिनंदन. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, हे आईवडिलांनी लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं आणि तुम्ही ते मनावर घेतलंत, छान केलंत. आता त्याच घराच्या हॉलमध्ये खिडकीजवळ जो कॉम्प्युटर आहे ना, त्यातलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस, म्हणजे वर्ड, एक्सेल वगैरे, मात्र चुकूनही विकत घेऊ नका, ते मायक्रोसॉफ्ट 365 या नावाने भाड्यानेच घ्यायचं असतं, पैसे भरत राहायचे आणि वापरत राहायचं.

एकदाच पैसे मोजून कायमचं घेणं ही जुन्या लोकांची खोड. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका बघा. सोसायटीचे माजी सेक्रेटरी, कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, कीबोर्डवर वेगळं कव्हर, आणि आत ऑफिस 2007. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर 2017 मध्येच संपला असं त्यांना सांगितलं तर म्हणतात, "संपू दे की, मला कुठे त्यांना फोन करायचाय." अशा माणसापुढे काय बोलणार. (सपोर्ट संपलेल्या, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या ऑफिसात कोणाच्याही मेलमधून आलेली फाइल उघडू नये हे खरंच आहे, पण काकांना मेल फक्त विजेच्या बिलाचा येतो.)

तुम्ही आता नवीन सेक्रेटरी आहात, तुम्हाला असं चालणार नाही. तुम्हाला क्लाउड हवा, म्हणजे फाइली तुमच्या, पण ठेवायच्या इंटरनेटवर कंपनीच्या जागेत. भाड्याच्या ऑफिससोबत 1 टीबी जागा मिळते, आणि ती लागतेच, कारण वार्षिक सभेची नोटीस साधारण 40 केबीची असते. 1 टीबीत अशा अडीच कोटी नोटिसा मावतात. सभा वर्षातून एकदाच होते, म्हणजे अडीच कोटी वर्षं चिंता नाही, तोवर लिफ्टचं काम पण होऊन जाईल.

एकट्याने घेऊ नका हं, फॅमिलीचं घ्या, सहा जणांना चालतं. सहा जणांत वाटलं तर खरंच स्वस्त पडतं, हे खोटं नाही, म्हणून पटकन सांगून पुढे जातो. आता ते सहा जण शोधा. बायको तिच्या कंपनीच्या लॅपटॉपवर काम करते, मुलीचं सगळं शाळेच्या गुगल डॉक्समध्ये, आई व्हॉट्सअ‍ॅपच्या बाहेर पाऊल टाकत नाही, ऐरोलीच्या मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणाला घे की माझं नाव टाकून, आणि नंतर एकदाही लॉगिन केलं नाही. उरलात तुम्ही. सहा माणसांचं भाडं, राहणारा एक.

एकदाच घ्यायचं ऑफिस अजून मिळतं म्हणे. ऑफिस 2024 आहे, एका कॉम्प्युटरवर चालतं, अपडेट 2029 च्या ऑक्टोबरपर्यंत. पण त्यात नवीन फीचर येत नाहीत! म्हणजे आज जिथे बटण आहे तिथेच ते उद्यापण सापडणार, परवापण सापडणार, मग आयुष्यात उरलं काय. पाच वर्षांचं भाडं आणि एकदाची किंमत शेजारीशेजारी मांडून बघायचा मोह होईल, मांडू नका, आणि मांडायचंच असेल तर निदान एक्सेलमध्ये मांडू नका, तेही भाड्याचंच आहे.

लिब्रेऑफिसचं तर नावच काढू नका. 2010 पासून आहे, फुकट आहे, वर्डच्या फाइली उघडतं, मराठी टाइप होतं, म्हणजे नक्की काहीतरी खोट असणार. कधीकधी टेबलाची रेघ सरकते. बघा, म्हटलं नव्हतं?

भाडं वाढतं यात नवल नाही, लिव्ह अँड लायसन्सच्या करारातही दरवर्षी टक्के वाढतातच. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट 365 च्या घरगुती प्लॅनमध्ये कोपायलट नावाचं एआय बसवलं आणि बऱ्याच देशांत भाव वाढवले. कोपायलट नको, जुनंच द्या म्हणणाऱ्यांसाठी क्लासिक प्लॅनही होता, पण तो रद्द करा हे बटण दाबून आत गेल्यावरच दिसायचा, असा आरोप ठेवून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. ऑस्ट्रेलियातले लोक रिकामटेकडे. आपण ठाणेकर, आपल्याला सकाळी 8 ची फास्ट पकडायचीय, आपण रद्दचं बटण शोधत बसत नाही.

हे भाडं कार्डातून आपोआप कापलं जातं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो. तो आला की वाचायचा नाही, वर सरकवायचा, ओटीपी आणि लोनच्या मेसेजांमध्ये तो आपोआप बुजतो.

आता समजा सप्टेंबर उजाडला. 30 तारखेच्या आत सभा घ्यायचीय, 14 पूर्ण दिवस आधी नोटीस लागायला हवी, आणि गणपतीच्या गडबडीत तुमचं जुनं कार्ड संपून नवीन आलंय, ते तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्यात टाकलेलं नाही, म्हणजे भाडं थकलंय. घाबरू नका. फाइल उघडेल. वाचता येईल, प्रिंटही निघेल, फक्त बदलता येणार नाही. मागच्या वर्षीची नोटीस आहे, तारीख तेवढी बदलायचीय, आणि कर्सर त्या तारखेवर नेऊन तुम्ही टकटक करताय, आकडा काही हलत नाही. भाड्याच्या घरात निदान डिपॉझिट परत मिळतं, इथे मालक तुमचंच सामान काचेतून दाखवतो, बघा बघा, सगळं जागेवर आहे.

घरातल्या कोणाला सांगू नका. फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जा, लिफ्टने नको, लिफ्टमध्ये लोक विचारतात. काका प्लॅस्टिकचं कव्हर काढतील, घडी घालून बाजूला ठेवतील, कॉम्प्युटर सुरू व्हायला चारेक मिनिटं घेईल तोवर काकू चहा टाकतील. काका एका बोटाने तारीख बदलतील, मागच्या वर्षीची शुद्धलेखनाची एक चूकही न विचारता दुरुस्त करतील आणि चष्म्यावरून बघत विचारतील, "तुझ्याकडे कुठलं ऑफिस आहे रे?"

लेटेस्ट आहे म्हणून सांगा.