आपटलेला कन्सोल पाळावा कसा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, कन्सोल, म्हणजे व्हिडिओगेमची मशीनं, जमवायची तर चाललेली वस्तू जमवण्यात काही राम नाही. हातात धरून खेळायचा गेमबॉय घेऊन मिरवायला गेलात तर समोरचा म्हणेल अरे हो, माझ्या आतेभावाकडे होता दुबईवरून आणलेला, आणि विषय तिथेच संपला. 11 कोटींच्या वर खपलेली वस्तू ती, तिचं कौतुक तुम्ही करून काय वाढणारे. आपल्याला बाजारात आपटलेला कन्सोल पाहिजे. आणि आपटलेल्यातसुद्धा प्रतवारी असते बरं का. कोणीतरी शहाणा तुम्हाला सेगाचा ड्रीमकास्ट सुचवेल, त्याच्या नादी लागू नका. तो 91 लाख खपला, वर त्याचे गेम्स चांगले होते, म्हणजे त्याला धड आपटताही आलं नाही.

तुम्ही थेट निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीचा व्हर्च्युअल बॉय घ्या, तोंड आत घालून थ्रीडी गेम खेळायचं मशीन. 1995 च्या जुलैमध्ये जपानमध्ये आला, ऑगस्टमध्ये अमेरिकेत गेला, आणि त्याच डिसेंबरात जपानमधला त्याचा शेवटचा गेम निघून मंडळी मोकळी झाली. अमेरिकेत पुढच्या मार्चपर्यंत थोडी धुगधुगी होती. जगभरात मिळून साधारण 7 लाख 70 हजार खपला, एकूण गेम्स 22, आणि युरोपात पाठवायची कंपनीची हिंमतच झाली नाही, ठाण्याचं तर सोडूनच द्या. असा शुद्ध, भेसळ नसलेला फ्लॉप पुन्हा होणे नाही.

पण नुसता घेऊन भागत नाही, त्याच्यावर बोलता आलं पाहिजे. घोडबंदर रोडला कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेलात, बाविसाव्या मजल्यावरून खाडी बघत सगळे उभे आहेत आणि यजमान कार्पेट एरिया सांगतोय, तेवढ्यात विषय वळवायचा आणि व्हर्च्युअल बॉय बनवणाऱ्या गुनपेई योकोईंवर यायचं. योकोई 1965 ला निन्टेन्डोत लागले तेव्हा कंपनी पत्ते छापायची, आणि ह्यांचं काम काय तर छपाईच्या मशीनची देखभाल. तिथे टाइमपास म्हणून लांब होणारा एक खेळण्यातला हात बनवला, तो मालकाने बघितला, ओरडा पडायच्या ऐवजी तो बाजारात आला आणि तुफान खपला. मग गेम अँड वॉच नावाचे खिशातले गेम, मग 1989 ला गेमबॉय. ह्या माणसाचं म्हणणं असं की नवीन चकाचक टेक्नॉलॉजीच्या मागे धावू नका, जी जुनी होऊन स्वस्त झालीय ती उचला आणि कोणी वापरली नसेल अशी वापरा. हे सांगताना आवाजात थोडा जडपणा आणा. यजमान पनीर टिक्का घेऊन फिरत असेल तर त्यालाही थांबवा, कारण पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

व्हर्च्युअल बॉयमध्ये स्क्रीन अशी नसतेच. प्रत्येक डोळ्यासाठी 224 लाल एलईडींची एकच उभी पट्टी, तिच्यासमोर एक आरसा, तो सेकंदाला पन्नास वेळा थरथरतो आणि त्या एका पट्टीचं 384 ठिपके रुंद चित्र आपल्या डोळ्यापुढे पसरतं. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र, म्हणून खोली दिसते. रंग म्हणाल तर काळा आणि तीन प्रकारचा लाल. लालच का, तर लाल एलईडी स्वस्त आणि बॅटरी कमी खातो, चांगला निळा तेव्हा नुकताच निघालेला आणि महाग. मित्रहो, 1995 साली गिऱ्हाइकासमोर थरथरता आरसा ठेवून थ्रीडी दाखवायचं हे डोकं खरंच अफाट आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. योकोईंनी 1996 ला कंपनी सोडली, 1997 ला रस्त्यावरच्या अपघातात गेले, तेवढ्या वाक्याला विनोद करू नका, माणूस मोठा होता. त्याच्यानंतर लगेच म्हणा की त्यांची काहीच चूक नव्हती, कंपनीनेच घाई केली. हे म्हटल्याशिवाय कलेक्टर होता येत नाही.

आता खरेदी. लॅमिंग्टन रोडला जाऊ नका, तिथे चष्म्याच्या दुकानाचा पत्ता देतील. प्रत्येक ठाणेकराचा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतोच, तो डिसेंबरात येणार असतो, त्याच्या घरी खोका पोचता करा. जाताना त्याची बॅग चकली-भाजणीने भरलेली असते तेव्हा तुम्ही काही बोलत नाही, त्यामुळे येताना ती बॅग तुमचीच. मावशीचे बदाम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या बाहेर निघतील, ती फोनवर दोन शब्द बोलेल, तुम्ही तिला सांगा की ही वस्तू 1995 ला 179 डॉलर 95 सेंटला मिळायची आणि लोक घेत नव्हते. तिला अजून राग येईल पण माहिती तर गेली.

विकणारा म्हणेल की चालतो की नाही ते बघितलं नाही, घरात सेल नव्हते. त्याच्यावर विश्वास ठेवा. सहा पेन्सिल सेल लागतात, ते कंट्रोलरच्या पाठीत बसतात, आणि अमेरिकेत राहून ज्याला सहा पेन्सिल सेल मिळत नाहीत तो माणूस खोटं कशाला बोलेल. जपानी पीस घेतलात तर अजून मजा, अडॅप्टर तेव्हाही वेगळा विकत घ्यावा लागायचा आणि तो 100 व्होल्टचा, आपल्या 230 च्या प्लगमध्ये डायरेक्ट घातलात तर कलेक्शन तिथेच पूर्ण. स्टँड बहुतेक तुटकाच येतो. खाली दिवाळी अंकांचे गठ्ठे लावा, इतकी वर्षं ते कुणी वाचले नाहीत तर निदान उपयोगी पडतील.

मग तो सोनेरी क्षण, खेळायचा. डायनिंग टेबलवर ठेवायचा, खुर्ची पुढे ओढायची, मान वाकवायची आणि तोंड आत घालायचं. शेजारच्या काकू विरजण मागायला येतात, दारातूनच विचारतात, "काय रे, वाफ घेतोयस का? त्यात निलगिरी घाल थोडी." उत्तर देऊ नका, तुम्ही मारिओ टेनिस खेळताय. टीव्हीला जोडायची सोय नाही, त्यामुळे तुम्ही काय पराक्रम करताय ते घरातल्या कुणालाच दिसत नाही, त्यांना फक्त तुमची पाठ दिसते, आणि आतून आरशाचा बारीक गुणगुणाट येतो. टेनिस एकट्यानेच खेळायचं आहे हेही लक्षात घ्या. मशीनला खाली दोन बॉय एकमेकांना जोडायचं पोर्ट आहे, पण ती केबल कंपनीने कधी विकलीच नाही. आणि विकली असती तरी दुसरा व्हर्च्युअल बॉयवाला ठाण्यात शोधायचा कुठे, ऐरोलीचा पूल ओलांडून नवी मुंबईत कोणी निघाला तर निघाला.

थोड्या वेळाने डोकं दुखायला लागेल. घाबरू नका, म्हणजे पीस ओरिजिनल आहे. सात वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये असं कंपनीनेच लिहिलं होतं, आणि सुरुवातीलाच मशीन विचारतं की मध्येमध्ये आपोआप पॉज करू का. स्वतःपासून लांब राहा असं गिऱ्हाइकाला सांगणारा इतका प्रामाणिक कन्सोल दुसरा नाही. तुम्ही अर्थातच नको म्हणा. बाम जवळ ठेवा.

काही महिन्यांत चित्रात आडव्या रेघा गायब होतील. हे कशाने होतं ते मात्र नीट समजून घ्या, कारण इथून पुढे तुमचं आयुष्य हेच आहे. एलईडीच्या बोर्डाला जी चपटी रिबन केबल येते ती सोल्डर केलेली नाही, चिकटवलेली आहे. तीस वर्षांत तो गोंद सुटत जातो. कनेक्शनं सुटत गेली की पट्टीतले एलईडी बंद, आणि आरसा जेवढा रुंद हलतो तेवढ्या अख्ख्या ओळी काळ्या. बाजारातला कुठलाही पीस ह्यातून सुटत नाही, कुणाचा आज गेला कुणाचा उद्या. स्टेशनजवळच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे न्याल, तो उलटसुलट करून बघेल आणि म्हणेल साहेब हा स्क्रू आपल्याकडचा नाही. बरोबर आहे, त्याला गेमवाल्यांचा स्पेशल पाना लागतो, तोही लांब दांड्याचा, कारण स्क्रू खोल भोकात आहेत. पाना मागवा, कुरियर येईपर्यंत गणपती जातील.

उपाय दोन आहेत. टिकाऊ म्हणजे केबल सोलून व्यवस्थित सोल्डर करणं. हा करू नका, त्यात कौशल्य लागतं आणि नंतर सांगण्यासारखं काही उरत नाही. दुसरा म्हणजे बोर्ड ओव्हनमध्ये ठेवून गोंद गरम करायचा आणि दाबून बसवायचा. हा थोडेच दिवस टिकतो, पण घरात जो ओटीजी नानकटाईसाठी घेतलाय त्यात सर्किट बोर्ड भाजताना तुम्ही पकडले गेलात की चारचौघांत सांगायला किस्सा कायमचा झाला. पुढची दोन वर्षं नानकटाईला कसला वास येतोय हे मात्र विचारू नका.

पावसाळ्याचंही बघून ठेवा. डोळ्यांभोवतीचा जो काळा फोमचा पट्टा असतो तो जुना झाला की भुगा होतो, आणि जुलैत ठाण्याची हवा लागली की विचारूच नका. खेळून उठलात की डोळ्यांभोवती काळं. त्याच अवतारात ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला बसा, कोणीतरी विचारेलच, आणि मग योकोईंपासून सुरू करा.

इतकं सगळं करून तुम्ही जरा स्थिरावता आणि तेवढ्यात कंपनीच दगा देते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये निन्टेन्डोने जाहीर केलं की व्हर्च्युअल बॉयचे गेम्स आता कंपनीच्या हल्लीच्या स्विच कन्सोलवर, वर्गणी भरली की झालं. वर जुन्या मशीनसारखाच दिसणारा लाल-काळा सांगाडा 100 डॉलरला, ज्यात स्विच सरकवायचा, आणि ज्याला तोही नको त्याला पुठ्ठ्याचा 25 डॉलरला. पुठ्ठ्याचा! तुम्ही मावशीशी संबंध बिघडवून, ओटीजी घालवून, मानेचा पट्टा लावून जे मिळवलंत ते आता कॉलेजचा पोरगा पुठ्ठ्यातून बघणार, आणि त्याच्या आडव्या रेघा जाणार नाहीत. गेम सगळ्यांना मिळाला, आकार सगळ्यांना मिळाला, मग तुमच्याकडे वेगळं काय राहिलं? आठवण. ती पुठ्ठ्यात येत नाही. फक्त अडचण एकच आहे की ती तुमच्याकडेही नाही, त्यामुळे ती तयार करावी लागेल.

तारखेपासून सुरुवात करा. अमेरिकेत हा 1995 च्या ऑगस्टमध्ये दुकानात आला, आणि आपल्याकडे व्हीएसएनएलने पब्लिकला इंटरनेट दिलं तेही त्याच महिन्यात, 15 ऑगस्टला. म्हणजे नौपाड्यातल्या पोराला ही वस्तू अस्तित्वात आहे हे कळायचा काही मार्गच नव्हता. पुढच्या महिन्यात, 21 सप्टेंबरला, अख्खं ठाणं चमचा-वाटी घेऊन गणपतीला दूध पाजायच्या रांगेत होतं, आणि त्या रांगेत आईचं बोट धरून तुम्हीही होतात. हे विसरा. आठवायचं ते असं की कुणीतरी लांबचा काका परदेशातून आला होता, त्याच्याकडे लाल काहीतरी होतं आणि त्याने एकदाच बघू दिलं. काका आता हयात नाही असं ठेवा, बरं पडतं. अमेरिकेतली पोरं हा कन्सोल व्हिडिओ कॅसेटच्या दुकानातून भाड्याने आणायची हे खरं आहे, आणि व्हिडिओ लायब्ऱ्या तर गोखले रोडलाही होत्या, ह्या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोला, मधला समुद्र ऐकणारा आपसूक गाळतो.

आणि खरी आठवण चुकूनही तोंडातून बाहेर पडू देऊ नका. म्हणजे तो चायनीज व्हिडिओगेम, 9999 इन 1 लिहिलेली पिवळी कॅसेट, ज्यात मोजून दहा-बारा गेम आणि बाकी सगळे तेच नाव बदलून. कॅसेट लागली नाही की फुंकर, तरी नाही लागली की शर्टाला पुसून पुन्हा फुंकर. तापलेला अडॅप्टर फरशीवर थंड करायला ठेवायचा. कॉन्ट्रा नावाच्या गेममध्ये जोडीला वरच्या मजल्यावरचा दादा, त्याचे जीव संपले की तो तुमच्यातले उचलायचा आणि तुम्ही ते चालवून घ्यायचात, कारण दुसरा रिमोट त्याच्या घरचा. पिक्चर ट्यूब जाईल म्हणून बाबा ओरडायचे. खोलीत सात पोरं, खेळायला दोघं, आणि उरलेले पाच सांगणार उडी मार उडी मार. ह्यात काय आहे सांगण्यासारखं? दुर्मिळ नाही, डिझायनरचं नाव नाही, अपयश नाही, जो तो हेच खेळला. त्यातलं काहीच तुम्हाला न्यू जर्सीवरून मागवावं लागलं नाही.

दसऱ्याच्या आसपास चरईतून आईचा फोन येईल, घर काढलंय, माळ्यावरून तुझा तो व्हिडिओगेम निघालाय, मी आत्ताच लावून बघितला तर अजून चालतोय रे, खाली भंगारवाला थांबलाय, चाळीस रुपये म्हणतोय, देऊ? लगेच दे म्हणा, घासाघीस करत बसू नको म्हणा. आणि फोन ठेवायच्या आधी माळ्याची मापं घेऊन ठेवायला सांगा, व्हर्च्युअल बॉयचा ओरिजिनल खोका आडवा ठेवलेला चालत नाही.